उंदराच्या उंचीवरचं हवामान

रोज बातम्यांत सांगतात ते ‘आजचं कमाल तापमान’ मोजतात कुठं? हवामान खात्याच्या आवारात, मोकळ्या मैदानावर, झडपा असलेली एक पांढरी लाकडी पेटी उभी असते. जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला, तिच्यात तापमापक असतो. थेट ऊन लागू नये, वारा मात्र खेळता राहावा, अशी रचना. सगळीकडे एकाच पद्धतीनं मोजलं तरच रत्नागिरीची तुलना नागपूरशी करता येते, म्हणून हा नियम. नियम चांगला आहे. अडचण एवढीच की त्या पेटीत कोणी राहत नाही.

रानातला उंदीर तर नाहीच. त्याची पाठ जमिनीपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. दिवसा तो बिळात, नाहीतर झाडाच्या ढोलीत, रात्री पाचोळ्यात किंवा फांद्यांवर. मोकळ्यावरच्या पेटीत पारा ३६ वर असतो तेव्हा त्याच परिसरातल्या उघड्या खडकावर हात टेकवत नाही, आणि तिथून पन्नास पावलांवरच्या देवराईतल्या पाचोळ्याखाली बोट खुपसलं तर गारवा लागतो. जागा एक, वेळ एक, हवामानं तीन. या लहान लहान हवामानांना शास्त्रात सूक्ष्महवामान म्हणतात. कोणत्या डोंगरावर कोणते उंदीर, चिचुंद्र्या, खारी किती असतील, याचं उत्तर शोधायला लागलं की गाडी शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबते.

उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही जंगलाला हे लागू आहे. पण उदाहरण म्हणून मी सह्याद्रीच घेतो. आपल्या पायाखालचा आहे, आणि या विषयासाठी याहून चांगली प्रयोगशाळा मिळणं कठीण.

लहान असण्याची किंमत

हंडाभर पाणी तापवून ठेवलं तर तासाभरानंतरही अंघोळीला चालतं. त्याच पाण्याचा कपभर चहा पाच मिनिटांत कोमट होतो. कारण शाळेतल्या भूमितीत आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, आकारमान १ घन सेंटिमीटर. आता दहा सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ६००, आकारमान १०००. म्हणजे लहान घनात प्रत्येक घन सेंटिमीटर ‘अंगा’मागे ६ चौरस सेंटिमीटर ‘कातडी’ आहे, मोठ्यात फक्त ०.६. दहापट फरक.

कातडी म्हणजे उष्णता आत-बाहेर जाण्याचं दार. हत्तीला अंगाच्या मानानं दार लहान, उंदराला मोठं. बाहेर थंडी असली की उंदराची ऊब भराभरा निसटते, बाहेर उकाडा असला की तो तितक्याच वेगानं आत शिरतो. शरीर मात्र आपल्यासारखंच ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. चिचुंद्र्यांच्या कुळातला एट्रुस्कन चिचुंद्री नावाचा प्राणी वजनानं जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी आहे आणि तो भारतातही सापडतो. वजन जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे चारेक शेंगदाणे. त्याचं हृदय मिनिटाला हजारावर ठोके टाकतं आणि दिवसभरात तो स्वतःच्या वजनापेक्षा जास्त खातो. सतत विझत असलेली शेगडी पेटती ठेवायची तर दुसरा इलाज नाही.

उकाड्याचं दुखणं याहून वाईट. आपण घाम गाळतो. उंदराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. कुत्र्यासारखं धापा टाकून गार होणंही त्याला फारसं जमत नाही. त्याच्याकडे दोन युक्त्या आहेत. एक, बिनकेसांची शेपूट. तापलं की तिच्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता बाहेर फेकली जाते. दुसरी, अंगाला थुंकी फासणं. ती वाळताना गारवा देते. पण थुंकी म्हणजे पाणी, आणि दीडशे ग्रॅमच्या प्राण्याकडे उधळायला पाणी असतं किती? शेपटीची युक्ती तर हवा शरीरापेक्षा थंड असेल तोवरच चालते. शरीराचं तापमान ४२-४३ अंशांपुढे गेलं की जिवावर बेततं. म्हणून लहान प्राणी उकाड्याशी झुंजत बसत नाहीत, जागा बदलतात. ती बदलायला चांगली जागा शिल्लक आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

सुकणारी हवा

तापमानाबद्दल आपण बोलतो, दमटपणाबद्दल फारसं नाही. बोलायला हवं.

हवा जितकी गरम, तितकी तिची बाष्प पोटात घ्यायची ताकद जास्त. म्हणून उन्हाळ्यात दोरीवरचे कपडे तासात खडखडीत होतात. आता हिशेब करू. जंगलाच्या जमिनीलगत तापमान २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के आहे असं समजू. तीच हवा, तेवढंच बाष्प घेऊन, बाहेर मोकळ्यावर येऊन ३५ अंशांपर्यंत तापली. एक थेंबही कमी झालेला नाही, तरी आर्द्रता ४५ टक्क्यांवर आली. आणि वस्तू सुकवण्याची तिची ओढ, जी खरी महत्त्वाची, ती जवळजवळ पाचपट झाली. तापमान दहा अंशांनी वाढलं तेव्हा श्वासागणिक जाणारं पाणी असं वाढतं. उंदीर, गांडुळं, किडे, बेडूक, गोचिडी, जमिनीवर पडलेल्या बिया, सगळ्यांना हाच कर भरावा लागतो. चिचुंद्री ज्या किड्यांवर जगते ते आधी खोल जातात किंवा मरतात, आणि तिची उपासमार उकाड्याच्या आधीच सुरू होते.

मजले

जंगल ही चाळीसारखी मजल्यांची वस्ती आहे. वरच्या मजल्यावर, झाडांच्या शेंड्यांवर, ऊन, वारा, पाऊस सगळं थेट. दाट सदाहरित रानात त्या उन्हापैकी खाली जमिनीपर्यंत पोचतो एखाद-दुसरा टक्का. बाकीचं पानं खातात, परतवतात किंवा पाण्याची वाफ करण्यात खर्चतात. त्या वाफेमुळेच आतली हवा गार राहते. २०१९ मध्ये पाच खंडांतल्या ९८ ठिकाणच्या मोजण्या एकत्र करून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. झाडांच्या छत्राखालचं कमाल तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी चार अंशांनी कमी भरलं, किमान तापमान मात्र साधारण एका अंशानं जास्त. म्हणजे जंगल दुपारी पंखा आणि पहाटे गोधडी.

गोधडीचा भाग पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीत निलगिरीवर जावं. तिथं उंचावर गवताळ कुरणं आणि त्यांच्या घळींमध्ये शोला म्हणतात ती बुटकी दाट जंगलं, अशी सरमिसळ आहे. पहाटे कुरणावर दंव गोठून पांढरं होतं. दहा पावलं शोलात गेलं की नाही. शोलातल्या झाडांची रोपं कुरणात रुजत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच गोठलेलं दंव. १९९० च्या दशकात कार्तिक शंकर यांनी या दोन्ही ठिकाणी सापळे लावून लहान प्राणी मोजले. शोलात काळ्या उंदराच्या जातीतले उंदीर आणि डोंगरी चिचुंद्री, कुरणात मऊ केसांचा मिलार्डिया. पाऊस तोच, उंची तीच, पण रहिवासी वेगळे. हा मिलार्डिया आपल्याकडच्या शेतकऱ्यांचा जुना ओळखीचा. पिकं कुरतडणाऱ्या शेतउंदरांपैकी तो एक. त्याच्या चुलतभावाची गोष्ट पुढे येईल.

जमिनीखालचा मजला सर्वांत स्थिर. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या मातीचा पृष्ठभाग सहज पन्नाशी ओलांडतो. दिवस-रात्रीतला त्याचा चढउतार तीसेक अंशांचा. तोच चढउतार एक फूट खाली जेमतेम एक-दोन अंशांवर येतो, आणि दीड-दोन फुटांवर जवळपास संपतो. शिवाय बंद बिळातली हवा बाष्पानं भरलेली, त्यामुळे श्वासातून जाणारं पाणी कमी. बीळ म्हणजे लपायची जागा हे आपल्याला माहीत असतं, पण शत्रूइतकंच ते दुपारपासूनही वाचवतं.

झाडावरच्यांसाठी हेच काम ढोली करते. पण ढोली काही कुठल्याही झाडाला पडत नाही. खोड जाड हवं, वय हवं, एखादी फांदी तुटून आतून कुजायला वर्षं जायला हवीत. बारीक खोडातली पोकळी दुपारी बाहेरच्याइतकीच तापते. तीस वर्षांचं रोपवन आणि तीनशे वर्षांची देवराई उपग्रहाच्या चित्रात सारखीच हिरवी दिसते, ढोल्या मात्र देवराईतच असतात. आणि पाचोळा? कोकणात भाताच्या तरव्यासाठी राब भाजायचा म्हणून रानातला पालापाचोळा गोळा करून नेतात. शेतीच्या दृष्टीनं त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. चिचुंद्रीच्या दृष्टीनं मात्र कोणी तरी येऊन छप्परच उचलून नेलं.

स्वतः करून बघायचं असेल तर बाजारात मिळणारे दोन स्वस्त तापमापक घ्या. एक अंगणात मोकळ्यावर, पण सावली धरून ठेवा. दुसरा जवळच्या दाट झाडीत पाचोळ्याखाली. मे महिन्यातल्या एका दिवशी दर दोन तासांनी आकडे लिहा. कागदावर दोन रेषा काढल्या की अंगणाची रेषा डोंगरासारखी वर चढून उतरेल, पाचोळ्याची लोळत पडेल.

सर्वांत वाईट पंधरवडा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि खाली वाईला हजाराच्या आत. पाऊस मोजला तर महाबळेश्वर जगातल्या बहुतेक वर्षावनांना मागे टाकेल. मग तिथलं जंगल जांभूळ, अंजनी, पिसा अशा बुटक्या, वाऱ्यानं वाकलेल्या झाडांचं का, आणि दक्षिण केरळातलं गगनाला भिडलेलं का? वारा आणि पातळ माती ही कारणं आहेतच, पण मोठा फरक कोरड्या महिन्यांचा. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला वर्षातले दोन-तीन महिने कोरडे, महाराष्ट्रात सात-आठ. पाऊस किती पडला याहून तो किती दिवस पडला नाही, हे झाडांना जास्त लागतं. उंदरांनाही.

आता आकड्यांचा एक खेळ. उंदराची गर्भावस्था तीन आठवड्यांची, एका वेतात पाच-सहा पिल्लं, आयुष्य बहुधा वर्षभराचं. खाणं-पाणी असलं की संख्या भराभर वाढते. समजा दोन डोंगर आहेत. एकावर ढोल्या, ओहोळाकाठची दाट झाडी, खोल माती. दुसऱ्यावर वणवा लागून गेलाय. दोन्हीकडे पावसाळ्यानंतर भरपूर बिया आणि दोन्हीकडे संख्या पाचपट होते. पण मेच्या शेवटी पहिल्या डोंगरावर ४० उंदीर तगले होते, दुसऱ्यावर ८. डिसेंबरात मोजायला जाल तर २०० आणि ४० दिसतील. मोजणारा म्हणेल, दुसऱ्या डोंगरावर डिसेंबरात काहीतरी कमी आहे. डिसेंबरात काहीच कमी नाही. निकाल मे महिन्यातच लागून गेला होता.

म्हणून सरासरी तापमान, सरासरी पाऊस हे आकडे या विषयात फसवे असतात. विचारायचं ते हे की वर्षातल्या सर्वांत वाईट पंधरवड्यात या प्राण्याला टेकायला जागा कुठं आहे. ओढ्याच्या काठची दोनशे मीटरची दाट पट्टी वर्षभर बिनमहत्त्वाची वाटते. मे महिन्यात अख्ख्या डोंगराची वस्ती तिच्यात येऊन बसलेली असते.

उत्तर सह्याद्रीत तर असे दोन पंधरवडे. मेमध्ये भाजणं, जुलैत बुडणं. महाबळेश्वरला एकट्या जुलैत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सपाटीवरच्या बिळांत पाणी भरतं, पिल्लं बुडतात, आणि भिजलेल्या केसांची ऊब धरायची ताकद जाते. अशा वेळी उताराची, पाण्याचा निचरा होणारी, दगडांच्या खबदाडीची जागा मोलाची. दख्खनच्या मुरमाड माळांवर राहणारा तपकिरी काटेरी उंदीर आपल्या बिळाच्या तोंडाशी आणि आत बारीक खडे रचतो. त्याला हे कोणी शिकवलं माहीत नाही, पण घरासमोर खडी टाकायची अक्कल आपल्यालाही एक-दोन पावसाळे झाल्यावरच येते.

कोण कुठं

खारीच्या पाठीवरचे पट्टे मोजा. पुण्यात, औरंगाबादेत, नागपुरात झाडावर चिरचिरणारी खार बहुतेक वेळा पाच पट्ट्यांची. घाट उतरून गोव्याच्या किंवा तळकोकणातल्या दमट रानात गेलात की तीन पट्ट्यांची, गडद अंगाची रानखार दिसू लागते. पाचपट्टीला कोरडेपणा, माणसं, गवती छपरं चालतात. तीनपट्टी दमट झाडी सोडून फारशी बाहेर येत नाही. बागेतल्या खुर्चीवर बसून दिसणारी सूक्ष्महवामानाची याहून सोपी खूण मला तरी सापडलेली नाही.

सातारी रानउंदीर जास्त चोखंदळ. शंभरेक वर्षांपूर्वी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं भारतभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली, तेव्हा कोयना खोऱ्यातल्या घाटमाथ्यावर हा पकडला गेला. १९१८ मध्ये मार्टिन हिंटन यांनी त्याला काळ्या उंदराची पोटजात म्हणून साताऱ्याचं नाव दिलं. पुढे जनुकीय तपासणीत तो स्वतंत्र जात ठरला. पांढऱ्या पोटाचा, लांब शेपटीचा, झाडांवर राहणारा. तो आज साताऱ्याकडे, कोडगूत आणि निलगिरीत अशा तीन तुटक तुकड्यांत सापडतो. मधल्या शेकडो किलोमीटरांत सह्याद्री आहेच की. पण उंची, ओलावा आणि जुनं छत्र हे तिन्ही एकत्र आलेल्या जागा मोजक्याच, आणि तुकडे तिथं उरले.

मलबारचा काटेरी उंदीर तर आपल्याकडे येतच नाही. १८५९ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी नोंदवलेला हा प्राणी केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या दमट रानांपुरताच आहे. शेपूट खारीसारखी झुपकेदार, पाठीवर सपाट काटे, राहणं ढोलीत. केरळात तो मिरी खातो म्हणून बदनाम आहे. फांदीला फांदी भिडलेली असेल तरच त्याला या झाडावरून त्या झाडावर जाता येतं. मधलं एक झाड पडलं तर आपल्याला उजेडाचा कवडसा दिसतो, त्याच्यासाठी रस्ता तुटलेला असतो. आपल्या भीमाशंकरच्या शेकरूचंही तेच. तो उंदरांपेक्षा पुष्कळ मोठा, पण छत्र तुटलं की अडकतो.

आणि तो चुलतभाऊ. कोंढाण्याचा उंदीर, मिलार्डिया कोंडाना. १९७५ मध्ये ही नवी जात जगापुढे आली आणि ती पकडली होती सिंहगडावर. पुणेकर पिठलं-भाकरी खाऊन, दही चाखून उतरतात तिथंच, तेराशे मीटरवरच्या माथ्यावर. पायथ्याशी शेतउंदीर मिलार्डिया, माथ्यावर हा मोठा भाऊ. गडाचा माथा म्हणजे हवेत तरंगणारं बेटच. खालपेक्षा थंड, धुक्यात बुडणारं, चारी बाजूंनी कडे. अशा प्राण्याला उकाडा वाढला म्हणून आणखी वर जायचा मार्ग उरत नाही. वर फक्त दूरदर्शनचा मनोरा आहे.

मोजायचं कसं

ॲल्युमिनियमचे घडीचे पेटीसापळे मिळतात. संध्याकाळी त्यांत खोबरं, शेंगदाणे असं काही ठेवून दहा-दहा मीटरवर ओळीनं मांडायचे. सकाळी लवकर जाऊन सापडलेल्यांचं वजन, नर-मादी, जात नोंदवायची, कानाला बारीक खुणेचा बिल्ला लावायचा आणि तिथंच सोडून द्यायचं. सकाळी लवकर याला अर्थ आहे. ऊन चढलं की तो पत्र्याचा डबा भट्टी होतो. सूक्ष्महवामानाचा अभ्यास करताना सूक्ष्महवामानानंच प्राणी मारायचे नसतात.

समजा पहिल्या खेपेला ४० उंदरांना बिल्ला लावला. दुसऱ्या खेपेला ५० पकडले, त्यांत २० बिल्लेवाले निघाले. म्हणजे पकडलेल्यांत पाचांमागे दोन बिल्लेवाले. मग एकूण वस्तीतही तेच प्रमाण धरलं तर ४० बिल्लेवाल्यांमागे एकूण शंभर. साधा त्रैराशिक. यात खाचा आहेत. काही उंदीर सापळ्याला चटावतात आणि रोज फुकटच्या खोबऱ्यासाठी हजर होतात, काही एकदा अडकले की पुन्हा जवळ फिरकत नाहीत. जमिनीवर सापळे लावून वीस मीटरवरच्या फांदीवरचा प्राणी मोजता येत नाही. सापळ्याशेजारी रुपयाच्या नाण्याएवढी तापमाननोंद करणारी बटणं ठेवतात, त्यामुळे आता कोणत्या रात्री किती अंशांना कोण बाहेर पडलं हे जुळवता येतं.

माझी तक्रार मोजणीबद्दल नाही, नुसत्या एकूण आकड्याबद्दल आहे. तोडलेल्या रानात पुष्कळदा उंदरांची एकूण संख्या वाढते. गवत, झुडपं, शेतातलं धान्य, सगळंच मुबलक. पण वाढतात ते कुठंही जगणारे. चोखंदळ जाती गुपचूप गळतात आणि बेरजेत ते कळत नाही.

अन्नाचं गणितही वेगळं चालतं. आपल्याकडची कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि डोंगरभर बी पडतं. मिझोराममध्ये मौताक बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो, बिया खाऊन उंदरांचा महापूर येतो, बिया संपल्या की ते भातावर उतरतात. या संकटाला मिझो लोक मौताम म्हणतात. १९५८-५९ च्या मौतामनंतरच्या दुष्काळातून मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला आणि १९६६ चं बंड झालं. २००६-०८ मध्ये तो बांबू पुन्हा फुलला. असा महापूर अन्नानं येतो, पण तो ओसरल्यावर किती उरणार हे पुन्हा बिळं, ढोल्या आणि ओल ठरवतात.

तुकडे

दक्षिण थायलंडमध्ये १९८६-८७ मध्ये धरणाचं पाणी चढलं आणि डोंगरांचे माथे च्यू लार्न जलाशयातली बेटं झाले. झाडं तोडली नव्हती, फक्त भोवती पाणी आलं. दहा हेक्टरांहून लहान बेटांवरचे मूळचे लहान सस्तन प्राणी पाच वर्षांत जवळजवळ संपले. दहा ते छप्पन हेक्टरांच्या बेटांवर पंचवीस वर्षं लागली, निकाल तोच. त्यांच्या जागी मलायी शेतउंदीर माजला, आणि बाकीच्यांना संपवण्यात त्याचाही हात असावा असं अभ्यासकांचं मत आहे.

तुकडा लहान झाला की कडा वाढतात, तोच हंडा आणि कपाचा हिशेब. कडेनं ऊन तिरकं आत शिरतं, वारा घुसतो, मोठी झाडं आधी पडतात, म्हणजे ढोल्या आधी जातात. कडेपासून कित्येक मीटर आत, कधी त्याहून खोलवर, हवा सुकते. लहान तुकडा असेल तर तो सगळाच्या सगळा कडाच असतो. आपल्या पाव एकराच्या, अर्ध्या एकराच्या देवराया याच कारणानं आतून वाळताहेत. कुऱ्हाड न लागताही.

आणि माकडताप

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसांना ताप. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, १९५२ मध्ये सुरू झालेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी विषाणू शोधला आणि तो पसरवणारी गोचीडही. हा ताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला, म्हणून हा विषय आपल्यासाठी केवळ उंदरांचा राहत नाही.

त्या गोचिडीचं आयुष्य तीन टप्प्यांचं. पावसात प्रौढ, गुराढोरांवर. पावसाच्या शेवटाला अळ्या. नंतर दिवाळीपासून मेपर्यंत नखाएवढीही नसलेली पिल्लावस्था, आणि माणसाला चावते ती बहुतेक हीच. अळ्या आणि पिल्लं रक्त पितात रानउंदीर, चिचुंद्री, खार, साळिंदर यांचं. गोचिडीला पाणी पिता येत नाही, हवेतला ओलावाच तिला तगवतो. वाळली की मेली. म्हणून तीही उंदराच्याच उंचीवर, पाचोळ्यात आणि खालच्या पानांवर, उंदराच्याच हवामानात राहते. जंगल तोडून मध्ये शेतं आणि बागा झाल्या, कडेला घाणेरीची दाट जाळी माजली, गुरं आत-बाहेर करू लागली. जाळीखाली ओल टिकते, कुठंही जगणारे उंदीर-चिचुंद्र्या तिथं मुबलक, आणि गुरं गोचिडी वाढवायला हजर. या प्रदेशात काम केलेल्या होर्हे बॉशेल यांनी १९६९ मध्येच रोगाच्या उद्रेकाचा संबंध या तुकडे पडण्याशी जोडला होता.

रानात माकड मेलेलं दिसलं की आरोग्य खात्याचे लोक त्या जागेभोवती पन्नासेक फुटांच्या परिघात कीटकनाशक मारतात. माकड गार पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तिथल्याच पाचोळ्यात थांबतात. थंडी सरली की दोडामार्गात काजूचा हंगाम सुरू होतो. बोंडं झाडावरून पिकून खाली पडतात, आणि ती वेचणारे हात सकाळपासून दुपारपर्यंत जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर फिरत असतात.